न चाखता निवडायचे लाल द्राक्ष

२०२५ मध्ये महाशिवरात्र २६ फेब्रुवारीला झाली आणि चारच दिवसांनी, २ मार्चला, रमजानचा पहिला रोजा आला. शिवरात्रीच्या उपवासाला ज्या हातगाडीवरून द्राक्षे घरोघरी गेली, तीच हातगाडी मग इफ्तारच्या खरेदीसाठी उभी राहिली. एका उपवासात द्राक्ष दिवसा चालते, दुसऱ्यात सूर्य मावळल्यावर. गाडी, वजनकाटा आणि द्राक्षाचा हंगाम मात्र एकच.

नागापुरात मनमाड रस्त्याच्या कडेला एमआयडीसीची पहिली पाळी सुटली की फळांच्या गाड्यांभोवती माणसे जमू लागतात. खजूर, कलिंगड, पपई, केळी यांच्यासोबत हिरवी द्राक्षे आहेत, काळी आहेत आणि मधूनच एखाद्या खोक्यात लाल द्राक्षेही आहेत. लाल रंग लांबून खुणावतो. भावही हिरव्यापेक्षा चढा असतो. त्यामुळे गिऱ्हाईक थांबते, घड हातात घेते आणि सवयीने एक मणी तोडायला बोट पुढे जाते. रोजा असलेल्याचे बोट तिथेच थांबते.

द्राक्ष घेण्याची आपल्याकडची रीत ठरलेली आहे. गाडीवरचा एक मणी तोडायचा, तोंडात टाकायचा, चेहरा वाकडा झाला तर पुढे जायचे, नाही झाला तर पिशवी उघडायची. रोजेदाराला ही सोय नाही. गरज असेल तर पदार्थ जिभेला लावून थुंकून टाकण्याची मुभा धर्मशास्त्रात सांगितली जाते, पण बहुतेक रोजेदार त्या वाटेला जातच नाहीत. म्हणजे ज्या महिन्यात घरात सर्वांत जास्त फळे येतात, त्याच महिन्यात ती चव न बघता घ्यावी लागतात. पगाराच्या हिशेबातून अर्धा किलो लाल द्राक्षे घ्यायची, घरी पाच माणसे ताटाभोवती बसलेली असायची, मगरिबची अजान व्हायची आणि पहिलाच मणी आंबट लागायचा, असे होऊ नये म्हणून काय पाहावे, हा प्रश्न त्यामुळे साधा राहत नाही.

गंमत म्हणजे अनेकदा विकणाराही याच अडचणीत असतो. फळांचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या करणारा बागवान समाज नगर जिल्ह्यात मोठा आहे आणि गाडीवरचा चाचाही रोजा धरून उभा असतो. सकाळी घेतलेला माल गोड आहे की नाही, हे त्याला स्वतःला सायंकाळी पावणेसातच्या सुमारास कळते. तोवर तो गिऱ्हाइकांच्या चेहऱ्यांवरून अंदाज बांधतो. रोजा नसलेली एखादी ताई मणी खाऊन मान हलवते आणि मग शेजारी उभा असलेला रोजेदार तोच घड तोलायला सांगतो. “भाऊ, तेवढा एक मणी खाऊन सांगा,” असे अनोळखी माणसाला म्हणता येते आणि तोही मन लावून खातो, कारण दुसऱ्यासाठी चाखायचे म्हटल्यावर त्याला जबाबदारी वाटते.

अशा वेळी मणी कुठला द्यावा, हेही ठरलेले असावे. घडाच्या वरच्या खांद्याकडचे मणी आधी पिकतात, शेंड्याकडचे सर्वांत शेवटी. म्हणून चाखणाऱ्याला शेंड्याचा मणी द्यावा. तो गोड लागला तर वरचे मणी त्याहून गोडच निघतात. वरचा गोड मणी चाखायला देऊन खालचा आंबट शेंडा गळ्यात मारणे हा जुना हिशेब आहे.

लाल म्हणजे नेमके कोणते?

आपल्या बाजारात हिरवट-पिवळे सोडून बाकी सगळ्या द्राक्षांना सरसकट ‘काळी’ म्हणतात. त्यातले खरे काळे, जांभळे आणि लाल वेगळे ओळखले तर भावाची घासाघीस नीट करता येते.

सर्वांत ओळखीचे ते ‘शरद सीडलेस’. किशमिश चोरनी या परदेशी वाणातून त्याची निवड केली सोलापूरजवळच्या नान्नजचे बागायतदार नानासाहेब काळे यांनी. मणी काळा, लांबट, बिनबियांचा आणि चावल्यावर कुरकुरीत. पुढे याच कुळातून मोठ्या मण्याचे वाण निघाले. त्यातल्या एकाला ‘नानासाहेब पर्पल’ हे नाव मिळाले. जुन्नर-नारायणगाव भागातून ‘जम्बो’ म्हणून येणारे टपोरे काळे-जांभळे द्राक्ष बहुतेकदा याच घराण्यातले असते. रमजानमध्ये हे काळे द्राक्षही खपते.

खऱ्या लाल रंगात तीन नावे मुख्य आहेत. ‘फ्लेम सीडलेस’चा मणी गोल, मध्यम, तजेलदार लाल आणि करकरीत असतो. अमेरिकेच्या कृषी खात्याने कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो येथे तो तयार केला आणि १९७३ मध्ये बाहेर आणला. ‘क्रिमसन सीडलेस’ही तिथलाच, १९८९ चा. त्याचा मणी लांबट, साल घट्ट आणि गोडीला हलकी आंबट किनार असते. तिसरे ‘रेड ग्लोब’, म्हणजे लहान लिंबाएवढा टपोरा गोल मणी. त्यात बिया असतात, साल जाड असते आणि चव सौम्य असते. दिसायला राजबिंडे असल्याने भेटीच्या टोपलीत ते शोभते, पण बिनबियांचे समजून घेणाऱ्याची निराशा होते. लहान मुलांसाठी घ्यायचे असेल तर बियांचे आधी विचारून घ्यावे.

चौथा प्रकार असा की तो वाण नाहीच. थॉमसन किंवा तास-ए-गणेश यांसारख्या हिरव्या द्राक्षांच्या घडात काही मणी गुलाबी-लालसर पडतात. बागायतदार त्याला ‘पिंक बेरी’ म्हणतात. हिवाळ्यात दिवसाचे ऊन आणि रात्रीची थंडी यांतले अंतर फार वाढले की ही विकृती दिसते. असे मणी पुढे निस्तेज, मऊ आणि पाणचट होतात. ते टाळण्यासाठी बागेत घडाघडाला कागद गुंडाळतात, त्यात वर्तमानपत्रांची रद्दीही असते. हिरव्या घडात मधूनमधून गुलाबी मणी दिसले आणि कोणी ‘लाल द्राक्ष’ म्हणून जादा भाव सांगितला, तर तो द्यायचे कारण नाही. खाण्याला ते वाईट नसते, पण त्याच दिवशी संपवावे लागते.

रंग खरा, पण पुरावा नव्हे

लाल रंग सालीतल्या रंगद्रव्यामुळे येतो. बागायतदारांच्या भाषेत मण्यात ‘पाणी उतरले’ की मणी मऊ पडू लागतो, साखर भरू लागते आणि रंगही चढू लागतो. साखर आणि रंग साधारण एकाच काळात येतात, म्हणून लाल म्हणजे गोड असे आपण धरून चालतो. पण रंगाला थंड रात्री लागतात. उष्णता वाढली की साखर भरते आणि रंग अर्धवट राहतो. म्हणून आपल्या हवेत लाल वाण काढणे हिरव्यापेक्षा कठीण आहे आणि गाडीवर लाल खोकी थोडी दिसतात.

उलटही घडते. रंग लवकर आणि सारखा यावा म्हणून काही संजीवके फवारली जातात. ती शिफारशीप्रमाणे वापरली तर त्यात वावगे नाही, पण त्यामुळे गोडी पुरती भरायच्या आधी मणी लाल दिसू शकतो. म्हणजे फिकट लाल घड गोड निघू शकतो आणि गडद लाल घड आंबट. रंगाची एकच खूण भरवशाची आहे. मण्याच्या देठाकडचा भाग पाहावा. तिथे हिरवट कडे राहिले असेल तर तो घड घाईने काढलेला आहे. रंग थेट देठापर्यंत पोचला असेल तर मणी पुरता पिकण्याची शक्यता जास्त.

आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. आंबा, केळी, चिकू, पपई ही फळे तोडल्यावर घरात पिकतात. द्राक्ष पिकत नाही. वेलीवरून ज्या क्षणी घड कापला, त्या क्षणाची गोडी शेवटची. ‘आज आंबट आहे, दोन दिवस ठेवा, गोड होईल,’ असे कोणी सांगितले तर ते द्राक्षाला लागू नाही. दोन दिवसांनी मणी सुकेल, सडेल, पण गोड होणार नाही.

डोळे, बोटे आणि नाक

चव बाजूला ठेवली तरी द्राक्षाबद्दल पुष्कळ काही कळते. पहिली नजर देठावर जावी. घडाचा मधला दांडा आणि मण्यांचे छोटे देठ हिरवे, लवचिक असतील तर माल ताजा. देठ तपकिरी, वाळक्या काडीसारखे झाले असतील तर मणी कितीही चमकत असले तरी घड जुना झाला आहे. देठ मण्याच्या आधी सुकतो, म्हणून द्राक्षाचे वय त्यावरून कळते.

दुसरी नजर मण्यावरच्या पांढुरक्या थरावर. धुके बसावे तसा हा पातळ थर काळ्या-लाल द्राक्षावर उठून दिसतो. पुष्कळजण त्याला औषध समजतात. तो फळाचा स्वतःचा मेणासारखा थर असतो, पाणी टिकवून धरतो आणि खाण्याला निर्धोक असतो. अंगठा फिरवला की तो पुसला जातो आणि खालून गडद रंग दिसतो. थर जागच्या जागी असेल तर घडाला फार हात लागलेले नाहीत. फवाऱ्याचे डाग मात्र वेगळे दिसतात. ते थेंबाच्या आकाराचे, ठिपक्याठिपक्यांनी सुकलेले असतात. भुरी रोगाचे डागही वेगळे. ते करडे, खरबरीत, जाळीसारखे असतात आणि पुसून जात नाहीत. गाडीवर पाणी शिंपडून चकचकीत केलेला घड टाळावा. तो ताजा दिसतो, पण ओले द्राक्ष लवकर कुजते.

मग बोटांचे काम. मणी दाबून चेंदामेंदा करू नये, हलकेच दोन बोटांत धरावा. भरीव, ताठ मणी चांगला. देठाजवळ सुरकुती पडली असेल तर पाणी कमी झाले आहे. घड दांड्याला धरून हळूच हलवावा. एखादा मणी पडला तर हरकत नाही, पण मणी टपाटपा गळू लागले तर तो घड परत ठेवावा. फार गच्च घडाच्या पोटात वारा जात नाही. मधला एखादा मणी फुटलेला असला की त्याचे पाणी शेजारच्यांना लागते. म्हणून गच्च घड उलटा करून आत डोकवावे. खोक्यातला कागद ओला असेल तर तळाशी फुटलेले मणी आहेतच असे समजावे.

शेवटी नाक. चांगल्या द्राक्षाला वास जवळजवळ नसतोच. घड जवळ नेल्यावर आंबूस, ताडीसारखा वास आला तर आत कुठेतरी मणी आंबू लागला आहे. रोजेदाराचे नाक या कामी चांगले पडते. दिवसभर पोट रिकामे असले की वास लवकर जाणवतो.

सुट्या मण्यांचा ढीग हा वेगळा हिशेब. संध्याकाळी तो स्वस्तात मिळतो आणि हातावर पोट असलेल्या घराला तो परवडतो. त्यात कमीपणा काही नाही. फक्त मणी उचलून देठाची जागा पाहावी. देठाचा तुकडा मण्याला चिकटलेला असेल तर तो बंद आहे. तिथे उघडे भोक पडले असेल तर रस वाहू लागतो. असे मणी त्याच दिवशीच्या फ्रूट चाटला किंवा सरबताला घ्यावेत, उद्यासाठी ठेवू नयेत.

गोडीचा आकडा आणि बागेतला मार्च

बागेत गोडी जिभेने ठरत नाही. रसाचा एक थेंब छोट्या दुर्बिणीसारख्या यंत्राच्या काचेवर टाकून आकडा वाचतात. त्याला ब्रिक्स म्हणतात. १८ ब्रिक्स म्हणजे १०० ग्रॅम रसात सुमारे १८ ग्रॅम विरघळलेला अंश, आणि तो बहुतेक साखरेचाच. खाण्याची द्राक्षे साधारण १६ ते १८ च्या पुढे गेली की काढणीला योग्य धरतात. पण जीभ नुसती साखर बघत नाही. आम्लता किती उरली आहे, त्यावर गोडी जाणवते. त्याच आकड्याची दोन द्राक्षे वेगळी लागतात ती म्हणूनच.

तो आकडा गाठायला बागायतदाराचे वर्ष गेलेले असते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी, मग फुटवे, विरळणी, फवारण्या आणि चार महिन्यांनी घड. देशातली बहुतांश द्राक्षे महाराष्ट्रात होतात. नाशिक आणि सांगलीचे नाव मोठे असले तरी नगर जिल्ह्यातही राहाता, संगमनेर, श्रीगोंदा या तालुक्यांत बागा आहेत. पुण्याजवळ मांजरीला १९९७ पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र काम करते. एवढे असूनही नोव्हेंबरातल्या एका अवकाळी पावसाने फुलोरा कुजतो आणि मार्चमधल्या एका पावसाने पिकलेले मणी तडकतात. एका रात्रीत भाव निम्म्यावर येतो.

लाल वाण लावणाऱ्याची जोखीम त्याहून एक पायरी वर. गोडी भरली, पण रंग अर्धा आला, तर बांधावर आलेला व्यापारी दर पाडतो. मग पुढच्या वर्षी रंगाचीच घाई होते. ही घाई कुठून सुरू होते हे पाहिले तर बोट गाडीपुढच्या गिऱ्हाइकाकडे येते. आपण लांबून लाल रंग बघून थांबतो आणि रंगाला भाव देतो. तोच भाव उलटा प्रवास करून बागेपर्यंत पोचतो. देठ पाहणारे, शेंड्याचा मणी मागणारे, ‘रंग थोडा कमी असला तरी चालेल, गोड हवे,’ असे सांगणारे गिऱ्हाईक वाढले तर विक्रेता तेच व्यापाऱ्याला सांगतो. रमजानच्या महिन्यात रोज फळ घेणारी घरे एवढी असतात की त्यांच्या म्हणण्याला वजन असते.

दख्खनचे जुने लाल द्राक्ष

लाल-जांभळ्या द्राक्षाची दख्खनला नव्याने ओळख झाली असे नाही. चौदाव्या शतकात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता दौलताबादला आला होता. तिथे द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा येतात, अशी नोंद त्याने केली आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस मलिक अहमद निजामशहाने नगर वसवले आणि १४९९ मध्ये दौलताबादही निजामशाहीत आले. या घराण्याला बागांची हौस होती. खापरी नळांनी लांबून पाणी आणून त्यांनी शहराभोवती बागा उभ्या केल्या. नागापूरहून सावेडीकडे येताना लागणारे भिस्तबाग हे नाव त्यातलेच. ‘हश्त बिहिश्त’, म्हणजे आठ स्वर्ग, या बागेचे लोकांच्या तोंडी झालेले हे रूप. बिहिश्ताचे भिस्त झाले आणि रिक्षावाल्याच्या तोंडी ते आजही आहे.

बिनबियांची द्राक्षे येण्याआधी महाराष्ट्रात भोकरी, फकडी, पांढरी साहेबी, काळी साहेबी असे वाण होते. काळी साहेबीचा मणी मोठा, लांबट, लालसर-जांभळा आणि बियांचा. गोडीला ती चांगली होती, पण उत्पन्न कमी, म्हणून मागे पडली. हैदराबादकडच्या पांढऱ्या ‘अनाब-ए-शाही’च्या नावात द्राक्षाचा अरबी शब्द ‘इनब’ आहे. आपण ज्याला बेदाणा म्हणतो, तो फारसीतला ‘बे-दाना’, म्हणजे बी नसलेला. ईदच्या शीरखुर्म्यात जाणारा बेदाणा आणि सत्यनारायणाच्या शिऱ्यात जाणारा बेदाणा तासगावच्या एकाच शेडवर सुकलेला असू शकतो.

ताईफच्या बागेतला घड

कुरआनमध्ये द्राक्षाचा उल्लेख अकरा वेळा येतो, बहुधा खजुराच्या सोबतीने. पण रमजानच्या प्रवचनांत द्राक्षाची जी गोष्ट लोक पुन्हा पुन्हा ऐकतात, ती ताईफची. प्रेषित मुहंमद (स.) मक्केहून ताईफला गेले, तेव्हा तिथल्या लोकांनी त्यांना दगड मारून हुसकावले. रक्ताळलेल्या पायांनी ते एका द्राक्षबागेच्या आडोशाला बसले. बाग मक्केच्या उत्बा आणि शैबा या भावांची होती. हे दोघे त्यांच्या विरोधातले. तरीही त्यांना ती अवस्था बघवली नाही. त्यांनी आपला नोकर अद्दास याच्या हाती द्राक्षांचा घड पाठवला. अद्दास ख्रिस्ती होता, निनवे शहरचा. अल्लाहचे नाव घेऊन प्रेषितांनी घड हाती घेतला, तेव्हा अद्दासला नवल वाटले, कारण त्या भागात कोणी तसे म्हणत नसे. मग दोघांत निनवेबद्दल आणि तिथल्या यूनुस पैगंबराबद्दल बोलणे झाले.

घड पाठवणारे विरोधक, आणणारा दुसऱ्या धर्माचा आणि खाणारा परका. त्या दिवशी कोणाचे मत बदलले किंवा नाही, यापेक्षा थकल्या माणसापुढे फळ ठेवले गेले, एवढीच गोष्ट ऐकणाऱ्यांच्या लक्षात राहते.

ताटात येईपर्यंत

घरी आणलेली द्राक्षे लगेच धुऊन फ्रिजमध्ये ठेवू नयेत. धुतली की तो पांढुरका थर जातो आणि ओल राहते. फुटके, मऊ मणी कात्रीने कापून काढावेत, घड कागदात किंवा भोके असलेल्या पिशवीत ठेवावा आणि खाण्याआधी लागेल तेवढाच वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावा. नगरकरांसाठी एक खास सूचना. द्राक्ष शेजारचा वास ओढून घेते, म्हणून कांद्याच्या, विशेषतः पातीच्या कांद्याच्या, जवळ ते ठेवू नये.

इफ्तारच्या पंधरा-वीस मिनिटे आधी द्राक्षे फ्रिजबाहेर काढावीत. फार गार असली की गोडी कमी जाणवते आणि दिवसभर कोरड्या राहिलेल्या घशालाही ती टोचतात. द्राक्षात सुमारे ८० टक्के पाणी असते आणि त्यातली साखर मुख्यतः ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. ती लवकर रक्तात जाते, म्हणून रोजा सोडल्यावर तरतरी येते. याच कारणाने मधुमेह असलेल्यांनी हात आखडता घ्यावा. पंधरा लहान मण्यांत साधारण १५ ग्रॅम कर्बोदके होतात. खजूर, सरबत आणि द्राक्षे एकाच वेळी घेण्यापेक्षा त्यातले एक निवडावे आणि औषधाच्या वेळा डॉक्टरांना विचारून ठरवाव्यात. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खा मणी देऊ नये. गुळगुळीत, गोल मणी घशात अडकतो. तो उभा चिरून द्यावा. घरात पाहुण्यांची गडबड असते तेव्हा ही काळजी हमखास सुटते.

फ्रूट चाट करताना लाल द्राक्ष शेवटी घालावे, तेही अख्खे किंवा एकदाच चिरलेले. मीठ आणि चाट मसाला पडला की मणी पाणी सोडतात. पण मन भरते ते घडावरूनच खाताना. मध्यम मणी चार-पाच ग्रॅमांचा धरला तर अर्ध्या किलोत शंभर-सव्वाशे मणी येतात. पाच माणसांच्या घरात प्रत्येकाला वीस-पंचवीस. मधोमध ठेवलेल्या घडावरून ते एकेक तोडायचे म्हटले की घास आपोआप सावकाश होतो. शेजारी इफ्तारचे ताट पाठवायचे असेल तर त्यातही सुट्या मण्यांपेक्षा छोटा घड ठेवावा. ताजेपणा देठावरच दिसतो आणि ते दुसऱ्या दिवशीही टिकते.

हंगाम आणि चंद्र

हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असते. त्यामुळे रमजान दरवर्षी तेवढा अलीकडे सरकतो आणि साधारण ३३ वर्षांनी ऋतूंचा फेरा पूर्ण करतो. २०२५ च्या आधी मार्चच्या पहिल्या आठवड्यात रोजे सुरू झाले होते ते १९९२ मध्ये. जानेवारी ते एप्रिल या द्राक्षाच्या हंगामात रमजान आणखी काही वर्षे राहील, मग डिसेंबरात, हिवाळ्याच्या सुरुवातीला सरकेल. तेव्हा इफ्तारच्या ताटात पेरू, बोरे आणि संत्री असतील, द्राक्षे क्वचितच. मार्चमधले असे रोजे पुन्हा येतील ते २०५८ च्या सुमारास. आज वडिलांचे बोट धरून गाडीपुढे उभे असलेले पोर तोवर चाळिशीत गेलेले असेल.

 २०२५ मध्ये ३० मार्चला गुढीपाडवा होता आणि ३१ मार्चला ईद. मार्चच्या शेवटी ऊन वाढते, तसा गाडीवरचा माल दुपारपर्यंतच मलूल होऊ लागतो. शक्य असेल तर सकाळी किंवा ऊन उतरल्यावर घ्यावे, सावलीतल्या क्रेटमधले घ्यावे आणि दोन दिवसांपुरतेच घ्यावे. देठ हिरवा पाहावा, रंग देठापर्यंत पोचलेला पाहावा, आणि शेजारी रोजा नसलेले कोणी उभे असेल तर शेंड्याचा एक मणी त्यांच्या हाती द्यावा. चाचा त्याचे पैसे लावत नाही.